बंद न करता

सोमवारी ग्वेनच्या खोलीतली बैठक संपली, मी कॉफी आणायला निघालो आणि एक नंबरच्या टेबलापाशी माझा पाय अडला. टेबल रिकामं होतं. खुर्चीच्या पाठीवर स्टेफानियाचा तपकिरी स्वेटर शुक्रवारपासून तसाच लटकत होता, एक बाही आत वळलेली. स्क्रीन चालू होती. एक नंबरची स्क्रीन कधीच बंद होत नाही. आणि स्क्रीनच्या माथ्यावरची पट्टी करडी होती. ती निळी असायला हवी होती. मीच ती निळी केली होती, अकरा दिवसांपूर्वी, एका गुरुवारी दुपारी, एका हातात सँडविच धरून, आणि तेव्हापासून इमारतीतल्या बाकी सगळ्या स्क्रीनवर ती निळीच होती. इथे करडी. रिकामं म्हणून कुलूप लावलेल्या घराच्या खिडकीत कुणीतरी दिवा लावून निवांत जेवताना दिसावं, तसं मला झालं. मी आजूबाजूला पाहिलं. दोन नंबरच्या टेबलावर रॉक्सान एका ड्रायव्हरला झापत होती. "आधी चाकखुर्चीचा पट्टा नीट आवळ, मग मला रस्ते शिकव." माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. तरीही माझे कान तापले. बाहेर उणे एकतीस अंश होते, दाराशी बुटांखालचं बर्फ विरघळून रबरी चटईवर मळकं पाणी साचलं होतं, ओल्या लोकरीचा वास सगळीकडे भरला होता, आणि माझे कान, फक्त कान, ऑगस्टमधल्यासारखे तापले होते.

आमच्या गाड्या म्हाताऱ्यांना आणि चालता न येणाऱ्यांना घरून नेतात, घरी आणून सोडतात. दवाखान्यात, चर्चमध्ये, नातीच्या हॉकीच्या सामन्याला. कुणाला कुठल्या दाराशी घ्यायचं ते टेबलांवरच्या स्क्रीन सांगतात आणि त्या स्क्रीनमागचा, जावामध्ये लिहिलेला प्रोग्रॅम माझा आहे. तो बंद ठेवायचा नाही हा माझा नेम. बदल करायचा तर चालू असतानाच करायचा. त्याची रीत साधी आहे. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी उभी करायची. जे आधीपासून आत आहेत त्यांना जुनीत राहू द्यायचं. जो नव्याने लॉगिन करील तो नवीत जाईल. जुनीतला शेवटचा माणूस उठला, किंवा अर्धा तास गप्प राहिला म्हणजे उठला असं धरून, जुनी आपली आपण मिटते. कुणाला धक्का लागत नाही, कुणाला कळतसुद्धा नाही. 'कुणाला कळतसुद्धा नाही' हे वाक्य मी किती वेळा, किती तोऱ्यात बोललो असेन. ग्वेन आमची मुख्य. तिच्या खोलीतल्या फळ्यावर मी दर सोमवारी आकडा लिहायचो, सर्व्हर किती दिवस सलग चालू आहे त्याचा. चारशे बारा. "माझं पहिलं लग्नही एवढं टिकलं नव्हतं," ग्वेन म्हणायची. तीनशे पासष्ट झाले त्या दिवशी स्टेफानियाने खसखशीचा रोल भाजून आणला होता. ती इथे सव्वीस वर्षं गाड्या पाठवते आहे. मला, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला, पोरा म्हणते. "घे पोरा, शेवटचा तुकडा तुझा. तुझ्या यंत्राला तोंड नाही, त्याच्या वाटचं तूच खा." मी खाल्ला. दातांत अडकलेली खसखस मी दिवसभर जिभेने काढत होतो आणि खूष होतो.

पण एक नंबरचं टेबल गप्प राहत नाही. गाड्या कुठवर आल्या ते दाखवायला ती स्क्रीन दर वीस सेकंदांनी स्वतःहून सर्व्हरला विचारते. शिवाय आमच्याकडची जुनी चाल अशी की सकाळची बाई उठते, दुपारची त्याच खुर्चीत बसते, लॉग आउट कुणी करत नाही, कारण बाहेर पडून पुन्हा आत आलं की नकाशावर हाताने लावलेल्या खुणा पुसल्या जातात. खुर्ची गरम, स्क्रीन चालू, असं आम्ही म्हणतो. म्हणजे करड्या पट्टीच्या जुन्या आवृत्तीत एक माणूस ठाण मांडून बसलेला, दर वीस सेकंदांनी 'मी आहे, मी आहे' म्हणणारा. सर्व्हर त्याला उठवणार नव्हता. ही सभ्यता त्याला मीच शिकवली होती.

जुन्या आवृत्तीत प्रत्येक इमारतीला एकच दार होतं, प्रोग्रॅममध्येच लिहून टाकलेलं. डायलिसिसच्या दवाखान्याचं पूर्व दार बांधकामासाठी बंद झालं, रोग्यांना उत्तर दाराशी थांबायला सांगितलं गेलं, त्यासाठीच तर मी नवी आवृत्ती केली. दवाखान्याच्या फेऱ्या रॉक्सान पाहते, रोज सकाळी नव्याने लॉगिन करून. त्यामुळे आठवडाभर काही झालं नाही. मग शुक्रवारी रॉक्सान दाढ काढायला गेली. तिच्या फेऱ्या स्टेफानियाने पाहिल्या. स्टेफानियाच्या स्क्रीनने पूर्व सांगितलं, तिने पूर्व कळवलं, ड्रायव्हर पूर्वेच्या बंद दाराशी नियमाप्रमाणे पाच मिनिटं थांबला, 'आले नाहीत' अशी नोंद करून निघून गेला. उत्तर दारातून मिस्टर पेनर गाडी दिसते का म्हणून बाहेर आले. वय एक्याऐंशी. पाचनंतर ते दार बाहेरून उघडत नाही. चाळीस मिनिटांनी एका नर्सला काचेतून त्यांची टोपी दिसली. ज्या हाताला डायलिसिसची सुई टोचतात त्या हाताला रक्त मुळातच कमी पोचतं. डाव्या हाताची दोन बोटं, पहिल्या पेरापर्यंत, काढावी लागणार असं सोमवारी कळलं.

वर मी लिहिलं की बैठक संपल्यावर मी ती पट्टी पाहिली. ते बदलतो. लिहिणं थांबवत नाही, पुसतही नाही, चालू असतानाच बदलतो. बैठकीच्या आधी. बैठक दहाला होती. पट्टी मी नऊ चाळीसला पाहिली. कॉफी नंतर आणली, आणि ती घेऊनच ग्वेनच्या खोलीत शिरलो. स्टेफानिया आधीच येऊन बसली होती. शुक्रवारी संध्याकाळी तिला घरी पाठवलं होतं, सोमवारी बोलावलं होतं. चर्चला जाताना घालते तो कोट तिने घातला होता, तो काढायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"दार बदलल्याच्या मेमोवर तुमची सही आहे, स्टेफानिया," ग्वेन म्हणाली. "उत्तर दार. खाली तारीखसुद्धा."

"सही माझीच आहे. मी कुठे नाही म्हणते? पण स्क्रीनवर पूर्व होतं. दिवसाला दोनशे माणसं पाठवते मी, ग्वेन. दोनशे दारं काय डोक्यात ठेवू? स्क्रीनवर जे आहे ते कळवायचं, हे तूच म्हणतेस ना?"

"मी त्याच संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर पाहिलं. उत्तर आहे. हे बघा, छापून ठेवलंय."

"मग माझ्या डोळ्यांनी पूर्व कुठून आणलं?"

ग्वेनला आवडत नव्हतं हे सगळं, दिसत होतं. ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. स्टेफानिया माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, विश्वास होता, आणि तोच मला अजून दिसतो. "अर्नी, तू सांग. तुझ्याच हातचं आहे ते. असं कधी होऊ शकतं का?"

मी म्हणालो, "सिस्टीम एक क्षणही बंद नव्हती."

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मी तो नंतर किती वेळा उलटसुलट करून पाहिला, कुठे भेग नाही. तिने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याच्या शेजारच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आवाज माझाच होता, नेहमीचा, जरा कंटाळलेला, जाणकार माणसाचा. ग्वेनने ते लिहून घेतलं. स्टेफानियाने मान हलवली, हळू, दुकानात भाव ऐकून परवडत नाही हे लक्षात आल्यावर माणूस हलवतो तशी, आणि पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसायला लागली. चष्मा. म्हणजे तिने त्याच वेळी ठरवलं होतं की दोष कुठे असणार.

अजून खाली जाऊन बदलावं लागणार. नऊ चाळीसला मी एक नंबरच्या टेबलापाशी सहज गेलो नव्हतो. मी पाहायला गेलो होतो. सर्व्हरवर माझ्यासाठी एक यादी असते: कुठली आवृत्ती चालू आहे, तिच्यात किती जण आहेत. बदल केला त्या गुरुवारीच संध्याकाळी यादीत दोन ओळी होत्या. नवी, आत एकवीस. जुनी, आत एक. शुक्रवारी, जुनी, आत एक. शनिवार-रविवार मी घरून पाहिलं, पायजम्यावर, आत एक. अकरा सकाळी मी तो एक पाहिला. कोण आहे ते शोधायला दोन मिनिटं लागली असती, कदाचित एकच. मी शोधलं नाही. त्याला बाहेर काढावं तर तो कामात असताना स्क्रीन त्याच्यापुढून नाहीशी होणार, मग फोन येणार, 'अर्नी, मला बाहेर फेकलं रे तुझ्या यंत्राने,' आणि मग कुणाला कळत नाही हे कसं म्हणता येईल? एवढ्यासाठी. आणि खरं सांगायचं तर तो एक मला आवडायलाही लागला होता. काय सुबक आहे, मला वाटायचं. एकच माणूस, त्याच्यासाठी आख्खं जुनं घर मी उभं ठेवलं आहे, दिव्यासकट. मला मी दयाळू वाटत होतो.

माझे वडील मोठ्या सरोवरावर हिवाळ्यात मासे धरायचे, बर्फाला भोकं पाडून, खालून जाळी ओढून. बर्फावर चालणारी त्यांची गाडी दिवसभर घरघरत उभी असायची. त्या थंडीत थांबवलेलं इंजिन पुन्हा उठेलच याचा भरवसा नाही, आणि किनारा नऊ मैल लांब. पट्टा बदलायचा तर ते इंजिन चालू ठेवूनच बदलायचे. हातमोजा दातांत धरून, उघड्या हाताने, फिरत्या चाकाशेजारी. मी सात-आठ वर्षांचा, माशांच्या पेटीवर बसलेलो, तोंडात डिझेलची चव. "इथे थांबतो तो मरतो, अर्नी," ते म्हणायचे, आणि हसायचे, मिशीतलं बर्फ हलायचं. मला वाटायचं जगात याहून मोठी कला नाही. हे मी का सांगतो आहे? दोष त्यांच्यावर ढकलण्यासाठी. वडिलांना मरून चौदा वर्षं झाली, ते काही म्हणणार नाहीत. आमच्या इमारतीच्या सर्व्हरला थंडी वाजत नाही. तो थांबवला की पुन्हा उठतो, दर वेळी. वडिलांचा परिच्छेद राहू दे, पण त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. त्यांनी कधी दुसऱ्याचा हात चाकाजवळ जाऊ दिला नव्हता.

बैठक झाली त्याच सोमवारी, अकराला, मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं. आमच्याकडे दारं उघडी असतात, लावलेलं दार लगेच नजरेत येतं, म्हणून मी ते पुन्हा थोडं उघडलं. यादी उघडली. जुनी, आत एक. तो एक आता कुणी नव्हता. रिकामी खुर्ची दर वीस सेकंदांनी 'मी आहे' म्हणत होती. मी जुनी आवृत्ती बंद करायला सांगितलं. आत एक जण आहे, तरीही करू का, असं विचारलं जातं. हा प्रश्नही मीच कधीतरी लिहून ठेवला होता, दुसऱ्या कुणाच्या घाईपासून माणसांना वाचवायला. मी हो म्हणालो. मग चालत एक नंबरच्या टेबलाकडे गेलो, कागद घेऊन, कागद कशाचे ते आठवत नाही. स्क्रीनवर नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट होती. वर निळी पट्टी. आता कुणीही येऊन बसलं, काहीही पाहिलं, तरी त्याला उत्तर दार दिसणार होतं. मी स्वेटरची आत गेलेली बाही बाहेर काढली. ती का काढली ते मला सांगता येणार नाही.

मंगळवारचं काही आठवत नाही. एक आठवतं, जेवणाच्या खोलीत रॉक्सान म्हणाली, "त्रेसष्ट म्हणजे काही वय नाही, पण दिसत होतं बाई तिचं अलीकडे. परवा मला दोनदा गुड मॉर्निंग म्हणाली." सगळ्यांना एकाएकी स्टेफानियाचं काही ना काही आठवायला लागलं होतं. चाव्या विसरली होती. कुणाला भलत्याच नावाने हाक मारली होती. मी सूप पीत होतो. सूप गरम होतं आणि मी ते फुंकत राहिलो, थंड होऊन गेल्यावरही.

बुधवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन आला. गुरुवारी दुपारी सुनावणी होती. कामावर ठेवायचं की नाही ते तिथे ठरणार होतं. मी पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकळायला टाकल्या होत्या, त्या एकेक वर येत होत्या.

"जेवत होतास का रे?"

"नाही, नाही. बोला."

"हसणार नसशील तर एक विचारते. माझी आई पासष्टाव्या वर्षी गेली डोक्यातून. म्हणजे जिवंत होती, पण गेली. सुरुवात अशीच झाली होती तिची. एके रविवारी तिला चर्चचं दार सापडेना, चाळीस वर्षं ज्यातून जात होती ते. भिंतीला हात लावत फिरत होती. आम्ही पोरं हसलो." ती थांबली. मागे रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं. "आता मी डोळे मिटले ना, की मला ती स्क्रीन दिसते, आणि तिच्यावर उत्तर दिसतं. स्पष्ट. उत्तर. सोमवारपर्यंत पूर्व दिसत होतं, आता उत्तर दिसतं. म्हणजे मीच चुकीचं वाचलं ना? आणि आधी पूर्व-पूर्व म्हणत होते ते कुठून? डॉक्टरांकडे नाव घातलंय मी. उद्या सही करून टाकते, चूक माझी म्हणून. नोकरीचं काही नाही, पोरा. नोकरी काय, संपायचीच होती. पण तुला काय वाटतं? तू हुशार आहेस. माझं डोकं चाललंय का?"

मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. धीराचं काहीतरी म्हणालो असं तूर्त धरून चाला. फोन ठेवल्यावर पाहिलं तर पेरोगी फुटून सगळं सारण पाण्यात आलं होतं. मी गॅस बंद केला आणि त्या गढूळ पाण्याकडे पाहत उभा राहिलो. पाणी शांत व्हायला वेळ लागतो.

गुरुवारी दोन वाजता. ग्वेनची खोली, लांब टेबल, मध्ये बिस्किटांची बशी. मला बोलावलं नव्हतं. माझं सोमवारचं वाक्य कागदावर होतं, तेवढं त्यांना पुरे होतं. मी दार ठोठावून आत गेलो. स्टेफानिया तोच कोट घालून बसली होती, पुढे एक छापील कागद, त्यावर पेन. तिच्या शेजारी मिस्टर पेनर. त्यांनाही कुणी बोलावलं नव्हतं. ते स्वतः गाडी बोलावून आले होते, आमचीच, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले, मांडीवर ठेवलेले, आणि ते ग्वेनला सांगत होते, "बाई, या बोटांचं मनावर घेऊ नका. एक्याऐंशी वर्षं वापरली, त्यातली पन्नास तर गाईंची धारच काढत होती. पण हिला काढलंत तर माझ्या वाढदिवसाला फोन कोण करणार? तुम्ही कराल?"

"बस ना, अर्नी," ग्वेन म्हणाली. "काय आहे?"

मी बसलो नाही. मी सांगितलं. या वेळी क्रमाने सांगितलं, पहिल्या गुरुवारपासून: जुनी आणि नवी, आत एक, करडी पट्टी नऊ चाळीसला पाहिली, दहाला ते वाक्य बोललो, अकराला जुनी बंद करून टाकली. स्क्रीनवर पूर्व होतं, असं म्हणालो. त्या स्क्रीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्वच होतं. बोलताना मी बिस्किटांकडे पाहत होतो. एकावर साखरेची फांदी काढली होती.

मिस्टर पेनर म्हणाले, "मला यंत्रातलं कळत नाही. ते बंद करून पुन्हा सुरू केलं असतं तर?"

"तर सगळ्यांना नव्याने आत यावं लागलं असतं. तर उत्तर दिसलं असतं."

"किती वेळ लागतो त्याला?"

"चार मिनिटं," मी म्हणालो. "फार तर."

त्यांनी आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं. "चार मिनिटं," ते म्हणाले. "चार मिनिटं तर मी कुणासाठीही थांबलो असतो."

ग्वेनने खुर्ची मागे सरकवली. ती म्हणाली, आता येऊन हे सांगायला हिंमत लागते, आणि त्याची नोंद ती करील. ती हे मनापासून म्हणाली. मला आत कुठेतरी, लाज वाटते लिहायला, बरं वाटायला लागलं होतं. छाती मोकळी होत होती, पाय हलके झाले होते, आता संपलं असं वाटत होतं. स्टेफानियाने इतका वेळ माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तिने पेन उचललं, त्याला टोपण लावलं, ते कागदाशेजारी सरळ ठेवलं. मग पाहिलं.

"म्हणजे पूर्व होतं."

"हो."

"मी बुधवारी तुला फोन केला. तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"मी विचारलं, माझं डोकं चाललंय का. तू काय म्हणालास?"

मी ग्वेनकडे पाहिलं. ग्वेनला यातलं काही माहीत नव्हतं, ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मी म्हणालो, स्टेफानिया, मला फार वाईट वाटतं, त्या दिवशी मी—

"ते नाही विचारलं. काय म्हणालास?"

"तपासून घेतलेलं बरं, असं म्हणालो."

"आणि?"

"आणि... या वयात असं होतं म्हणालो."

गाड्यांच्या टेबलांवरून फोन वाजत असल्याचा आवाज आला, कुणीतरी तो उचलला. ग्वेनचा हात वहीवर थांबला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "हे खाजगी आहे. एवढं नोंदीत घालायची गरज नाही."

"घाल," स्टेफानिया म्हणाली. "तो बोलला तस्सं घाल, ग्वेन. शब्द न शब्द. मग मला वाचून दाखव."

ग्वेनने लिहिलं. मग तिने वाचून दाखवलं, आणि मला तिथे उभं राहून ते ऐकावं लागलं.